पहिला टॉवेल दगडाचा

एल्वेझिओ ब्रुझाच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची पहिली त्याची. भिंतीकडची दुसरी इजिनोची. इजिनो सात वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली आला, शिकला, टिकला. वय तिशीचं, बोलणं कमी. पहिली खुर्ची कुणाची आणि दुसरी कुणाची, यावरून बॅरी गावात कधी कुणाचं बिनसलं नव्हतं.

शनिवारी दुपारी भोंगा झाला की ग्रॅनाइटच्या शेडमधली माणसं घरी न जाता आधी दुकानात यायची. दिवसभर हवेवर चालणाऱ्या छिन्न्या हातात धरलेली माणसं. भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या आणि दाढीच्या खुंटांत पिठासारखं काहीतरी बसलेलं. ते पीठ नव्हतं, दगड होता. तसाच वस्तरा लावला तर धारेला दात पडत. म्हणून या दुकानात दोन टॉवेल लागत, दोन्ही वाफाळते. पहिला चेहऱ्यावर दाबून ठेवायचा, पुसून घ्यायचा, राखाडी झाला की बादलीत टाकायचा. दुसरा खुंट मऊ करण्यासाठी. पहिला टॉवेल दगडाचा, दुसरा माणसाचा, असं एल्वेझिओ सत्तावीस वर्षं सांगत आला होता. दुसऱ्या गावच्या न्हाव्यांना याचं हसू येई. त्यांनी दगडवाल्यांच्या दाढ्या केल्या नव्हत्या.

मार्चमधल्या एका शनिवारी बाकावर चार जण बसले होते. एल्वेझिओची खुर्ची रिकामी झाली. पाळी ऑत्तोरिनो गालिंबेर्तीची होती. एल्वेझिओने बैठक झटकली, कापड फडकावलं.

"ये रे, राजा."

ऑत्तोरिनोने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "पोम्पेओला घे. मी थांबतो."

"कशासाठी?"

"इजिनोचं होतच आलंय. मी थांबतो."

न्हाव्याच्या दुकानात 'मी थांबतो' याचा अर्थ माझ्याकडे वेळ आहे, असा होत नाही. तुझा हात नको, असा होतो. बाकावरच्या प्रत्येकाला ते कळलं. कुणीतरी उगाच घसा साफ केला. म्हातारा पोम्पेओ उठला, पहिल्या खुर्चीत बसला आणि गळ्याभोवती कापड बांधून घेता घेता म्हणाला, "मी चालेन ना तुला?"

"गप बस."

थोड्या वेळाने पोम्पेओ पुन्हा म्हणाला, "हळू. कातडं आहे ते माझं. तुझा वस्तऱ्याचा पट्टा नाही."

एल्वेझिओचं लक्ष आरशात होतं. आरशात दुसरी खुर्ची दिसत होती. इजिनोने फळीवरून ऑत्तोरिनोचा साबणाचा मग उतरवला. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग तिथे ओळीने असत, नाव आणि धंदा रंगवलेले. ऑत्तोरिनोच्या मगवर छिन्नी-हातोडा होता. तो मग सत्तावीस वर्षांत एल्वेझिओच्या देखत दुसऱ्या कुणी उतरवला नव्हता. इजिनोने खुर्ची जेमतेम कलती केली. आळशी, एल्वेझिओच्या मनात आलं. दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. ऑत्तोरिनोने डोळे मिटले होते. त्याच्या तोंडावर जे सुख दिसत होतं, ते एल्वेझिओला बघवेना.

हे दुखणं आजचं नव्हतं.

दोघंही इटलीतल्या, लोम्बार्दीतल्या एकाच गावचे. गावाचा धंदा दगडाचा. एल्वेझिओचा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. तिसऱ्या दिवशी आईने त्याच्या सगळ्या छिन्न्या विकल्या आणि पोराला न्हाव्याकडे नेऊन बसवलं. म्हणाली, "तुझा बाप दगड खाऊन मेला. तू साबण खा." ऑत्तोरिनोच्या आईने असं काही केलं नाही. बारा वर्षांचा ऑत्तोरिनो दगडातून द्राक्षं काढायला शिकला. एल्वेझिओ फेस काढायला शिकला. १९०९ साली दोघं एकाच बोटीने अमेरिकेत आले. बोटीवर एल्वेझिओ लोकांच्या दाढ्या करून देई, आणि लोक गोळा होत ते ऑत्तोरिनोने साबणाच्या वडीतून कोरलेली चिमणी बघायला. साबण एल्वेझिओचा होता.

बॅरीत तर सगळं गावच दगडवाल्यांचं. रविवारी चर्च झालं की माणसं बायकामुलांना घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत जात. शोक करायला नव्हे, थडग्यांवरचं कोरीवकाम बघायला. हा गुलाब कुणाचा, ही कापडाची घडी कुणाची. कितीतरी दगडांपुढे उत्तर एकच असे. ऑत्तोरिनोची. एल्वेझिओ अशा वेळी म्हणायचा, "माझं काम बघायचं तर लवकर बघा. सोमवारी उगवलेलं असतं." लोक हसत. तो विनोद त्याने इतक्यांदा केला होता, की त्यातलं कुसळ आता एर्सिलियाशिवाय, म्हणजे त्याच्या बायकोशिवाय, कुणाला टोचत नव्हतं.

पण एक गोष्ट होती. दर शनिवारी तोच ऑत्तोरिनो त्याच्या खुर्चीत मान मागे टाकून पडायचा. ते मोठे हात कापडाखाली निमूट असायचे. गळा उघडा. सगळ्या गावात ज्याच्या हाताला तोड नाही, त्याचा गळा वीस मिनिटं आपल्या हातात. एल्वेझिओचा हिशेब त्या वीस मिनिटांत मिटायचा. पुढचे सहा दिवस मग तो मित्राचं कौतुक अगदी मनापासून करू शकायचा.

तीच वीस मिनिटं आता दुसऱ्या खुर्चीत गेली होती.

पुढच्या शनिवारीही ऑत्तोरिनो थांबला. त्याच्या पुढच्याही. एल्वेझिओने मग लहान लहान गोष्टी सुरू केल्या. ऑत्तोरिनो यायच्या वेळी केस कापायचं लांबलचक काम तो इजिनोला देई. ऑत्तोरिनो तरीही थांबे. वर्तमानपत्र संपलं की उलटं वाचायला घेई. इजिनोच्या वाट्याला एल्वेझिओ झिजलेले टॉवेल देऊ लागला. इजिनोने घरून स्वतःचे आणले.

"काय एल्वेझिओ," पोम्पेओ म्हणाला, "बायको माहेरी निघून गेल्यासारखा दिसतोस."

"बायको घरी आहे."

"मग कोण गेलं?"

घरी पोलेंटाचं, म्हणजे मक्याच्या घाट्याचं, ताट पुढे ठेवून एल्वेझिओ बसून राहिला. एर्सिलियाने विचारलं, "चव नाही का?"

"केसानं गळा कापला माझा त्यानं."

"कुणी?"

"ऑत्तोरिनोनं. आणि त्या इजिनोनं. सात वर्षं शिकवलं त्याला."

"जाऊन विचार की मग. का येत नाहीस माझ्याकडे, म्हणावं."

"मी का विचारू?"

"मग नको विचारू. जेव."

"बायकांना नाही कळायचं हे."

"बायकांनाच कळतं," एर्सिलिया म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा बेकरीवालीकडे जायला लागला, तेव्हा ती अस्संच बोलायची. ताटापुढे बसून. शब्दसुद्धा हेच."

त्या रात्री त्याने कारण शोधून काढलं. म्हणजे असं कारण, की जे सोसवेल. हात नव्हे, वस्तरा. त्याचा स्वतःचा वस्तरा इंग्लंडचा, शेफील्डचा, जाड पाठीचा, वजनदार. आईने त्याच्या पहिल्या कमाईतून घेऊन दिलेला. खुंटांतून जाताना तो आवाज करत नसे. इजिनोचा जर्मन होता. पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, पातळ. गालावरून फिरला की बारीक सूर लागे. न्हावी म्हणतात, वस्तरा गातो. इजिनोने तो घेतला तेव्हा एल्वेझिओ सगळ्यांदेखत म्हणाला होता, "हा वस्तरा आहे की सिगारेटचा कागद?" आता त्याला वाटलं, ऑत्तोरिनो कलावंत माणूस. त्याला ते गाणं आवडलं असणार.

बुधवारी बॉस्टनचा फिरता विक्रेता आला. त्याने मखमलीची गुंडाळी उलगडली. चौदा वस्तरे. एल्वेझिओने एकेक उघडला, अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली आणि कानाशी धरला.

"गाणारा हवाय वाटतं," विक्रेता म्हणाला. "कुणाच्या दाढ्या असतात तुमच्याकडे?"

"दगडवाल्यांच्या."

"मग हा घ्या. पाठ जाड, पोट बेताचं. खुंट कसेही असोत, डगमगायचा नाही. हे पातळवाले बँकेतल्या लोकांना. सकाळ-संध्याकाळ तोंड धुणाऱ्यांना."

त्याचं बोलणं खरं होतं. एल्वेझिओने हेच शब्द सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवले होते. त्याने सर्वांत पातळ वस्तरा उचलला.

"याहून पातळ आहे?"

"याहून पातळ म्हणजे मग नुसतं म्यान."

त्याने तो घेतला. दोन दिवस त्याच्यावर खपला. धारेच्या दगडावर पाणी टाकून हलक्या हाताने घासला, मग चामड्याच्या पट्ट्यावर साठ फेऱ्या. मानेमागचा एक केस तोडून धारेवर टेकवला. केस पडला. स्वतःच्या गालावर फिरवला. वस्तरा गायला. इजिनोच्या वस्तऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत गायला. एल्वेझिओ आरशात स्वतःशीच हसला.

शनिवारी त्याने बेत आखला. ऑत्तोरिनो यायच्या जरा आधी पोम्पेओला इजिनोकडे पाठवलं, केस आणि दाढी दोन्हीसाठी. आपली खुर्ची मोकळी ठेवली. ऑत्तोरिनो दारातून आत आला. त्याची टोपी अजून डोक्यावर होती तोच एल्वेझिओने त्याचा दंड धरला.

"मी थां..."

"माहीत आहे. बस. नवा वस्तरा आहे, पहिला मान तुझा."

चारचौघांत याच्यावर नाही म्हणणं अवघड होतं. ऑत्तोरिनोने एकदा दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. मग बसला. एल्वेझिओने दांडा ओढला आणि खुर्ची पार मागे पाडली. त्याची ती पद्धतच होती. गिऱ्हाईक आडवं पडलं की हाताला मोकळं मैदान मिळतं.

वाफेच्या भांड्यात एकच टॉवेल गरम होता. दुसरा तापायला पाच मिनिटं लागली असती. पलीकडे पोम्पेओचे केस संपत आले होते. एल्वेझिओने एकाच टॉवेलवर भागवलं.

फेस दाट झाला होता. उजव्या गालावर वस्तरा छान गायला. बाकावरची माणसंसुद्धा ऐकायला लागली.

"ऐकतोयस?" एल्वेझिओ म्हणाला. "जर्मन आहे. इजिनोच्या वस्तऱ्याची आजी शोभेल. नाही, नात. नात म्हणू. आवाज बघ कसा पोरीसारखा..."

एल्वेझिओ डाव्या जबड्याकडे वळला. तिथे सूर बदलला. टिक्, असा इवलासा आवाज झाला. मग पुन्हा. पात्याखाली दगड होता. ते बोटांना लगेच कळलं. पुसावं, थांबावं, पुन्हा टॉवेल ठेवावा, हेही कळलं. पण थांबणं म्हणजे इजिनोसमोर थांबणं. हात पुढे गेला.

आणि ऑत्तोरिनोचा गळा उसळला. वस्तरा हनुवटीत रुतला.

खोकला सुरू झाला. आधी साधा वाटला. मग तो खालून, फार खालून यायला लागला. फेसातून रक्ताची रेघ उतरली. ऑत्तोरिनो उठायला बघत होता आणि आडव्या खुर्चीत त्याला उठता येत नव्हतं. त्याची टाच पायटेकणीवर आपटत होती. हातात वस्तरा धरून एल्वेझिओ नुसता म्हणत राहिला, "हलू नको. हलू नको ना."

इजिनो आला. पोम्पेओचं डोकं अर्धवट सोडून आला. खाली न बघता त्याने दांडा ओढला, खुर्ची ताठ केली. एक हात पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये. दुसरा कोपराखाली.

"श्वास घेऊ नका," तो म्हणाला. "आधी सोडा. सोडा सगळा. हां. आता थोडासा घ्या."

ऑत्तोरिनोने सांगितलं तसं केलं. हे दोघांनी पूर्वीही केलं होतं. तसं कुणी म्हणालं नाही, पण ते दिसत होतं.

बाकावरच्या माणसांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. हा खोकला कसला, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकाच्या घरात तो कुणाला ना कुणाला होता किंवा होऊन गेला होता. त्याचं नाव कुणी घेत नसे.

"साबण गेला घशात," ऑत्तोरिनो म्हणाला.

"जातो कधीकधी," पोम्पेओ म्हणाला.

इजिनोने हनुवटीवर तुरटी दाबली. गरम टॉवेल आणून डावी बाजू पुसली, दोनदा. स्वतःच्या वस्तऱ्याने उरलेली दाढी केली. एल्वेझिओने नवा वस्तरा उजेडाकडे धरून पाहिला. धारेला तीन दात पडले होते. त्याने झाडू घेतला आणि दुकान झाडायला लागला, जिथे केस नव्हते तिथेही.

संध्याकाळी गिऱ्हाइकं संपली. एल्वेझिओने दारावरची पाटी उलटी केली.

"कधीपासून?"

"काय?" इजिनो म्हणाला.

"मी म्हातारा झालोय, इजिनो. खुळा नाही."

"फेब्रुवारीपासून. मला कळलं तेव्हापासून. असेल त्याच्याआधीही."

"तुला सांगितलं त्यानं."

"सांगितलं नाही, वस्ताद. तुम्ही त्या दिवशी दाढ काढायला गेला होतात. ते माझ्याकडे बसले. मी खुर्ची पाडली तर त्यांनी हात आवळून धरला खुर्चीचा. माझे वडील पलंगाची कड तशीच धरायचे, टेकडीवर, सॅनेटोरियममध्ये. मी खुर्ची वर घेतली. ते बोलले नाहीत. मी बोललो नाही."

"आणि मग यायला लागला तुझ्याकडे."

"लगेच नाही. त्याच्यानंतर दोन शनिवार तुमच्याकडेच बसले. मला आरशात दिसत होतं. तिसऱ्या शनिवारी थांबले."

एल्वेझिओला ते दोन शनिवार आठवले. दोन्ही वेळा त्याने पाद्री आणि गाढवाची गोष्ट सांगितली होती, दुसऱ्यांदा जास्त रंगवून. ऑत्तोरिनोच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. एल्वेझिओला वाटलं होतं, गोष्ट जमली.

"मला का नाही सांगितलं?"

इजिनो कात्र्या पुसत होता. "तुम्ही बोलता, वस्ताद. दाढी करताना. मग ते उत्तर देतात. उत्तर दिलं की त्यांना दम लागतो."

"एवढंच?"

"आणि तुम्ही बोलता," इजिनो म्हणाला. "नंतरही."

न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरला तरी केसच निघायचे, असं म्हणतात. एल्वेझिओच्या दुकानात केसांबरोबर सगळ्या गावाच्या बातम्याही निघत, आणि त्याला त्याचा अभिमान होता. त्याच्या कानावर आलेली गोष्ट दुसऱ्या शनिवारी शेडच्या मुकादमाच्या कानावर असे. मुकादमाला कळलं की माणसाला टेकडीवरच्या सॅनेटोरियममध्ये पाठवत, छातीचा फोटो काढत, आणि माणूस शेडमध्ये परत येत नसे.

"ओहायोच्या कुणा बाईंचा पुतळा आहे त्यांच्या हातात," इजिनो म्हणाला. "मांडीवर विणकाम घेऊन बसलेल्या. विणकामाची जाळी राहिलीय. मे-अखेर होईल म्हणतात."

"हे बरं सांगितलं त्यानं तुला."

"हे सांगितलं."

मित्र मरणार, हे एल्वेझिओला आता कळलं होतं. त्याला दुःख व्हायला हवं होतं. ते झालंही, पुढे, खूप झालं. पण आधी जे आलं ते दुःख नव्हतं. जाळीचं याला सांगितलं. त्या दगडातल्या बाईची मांडी, तिच्यावरचं विणकाम, मे महिना, हे सगळं या मुलाला माहीत होतं. आणि एका गावात जन्मलेल्या, एका बोटीने आलेल्या माणसाला गाढवाच्या गोष्टीवर खोटं हसून दाखवलं. त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेने जळणं कमी झालं नाही.

तो दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला.

"माझी कर."

"वस्ताद?"

"दाढी. कर माझी. त्याची करतोस तशी."

पंधराव्या वर्षापासून त्याच्या चेहऱ्याला दुसऱ्या न्हाव्याचा हात लागला नव्हता. इजिनोने खुर्ची ताठच ठेवली. पहिला टॉवेल, दुसरा टॉवेल. फेस. मग तो वाट बघत उभा राहिला. कशाची, ते एल्वेझिओला आधी कळलं नाही. त्याने श्वास सोडला तेव्हा वस्तरा टेकला, बोटभर उतरला, उठला. त्याने श्वास घेतला तेव्हा हात हवेत थांबला. पुन्हा श्वास सुटला, पुन्हा टेकला. गळ्यापाशी इजिनो कातडं वर ओढत नव्हता, आपला हातच खाली नेत होता. वस्तरा कधी लागला आणि कधी निघाला, ते कळत नव्हतं.

हात हलका होता. वस्तरा नव्हे, हात. आपल्याहून हलका. सात वर्षं चार फुटांवर असलेला हात.

"हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"हे मी नाही शिकवलं."

"वडिलांची करायचो," इजिनो म्हणाला. "दोन हिवाळे. बोलू नका आता, ओठाशी आलोय."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च सुटायच्या सुमाराला एल्वेझिओ कागदात गुंडाळलेला जुना वस्तरा, ब्रश आणि चार टॉवेल घेऊन ऑत्तोरिनोच्या दारात उभा होता. ऑत्तोरिनोची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. चुलीवर कॉफी होती.

"आज कसा?"

"काल डावा जबडा राहिला."

"इजिनोनं केला की."

एल्वेझिओने त्याच्या जबड्यावरून बोट फिरवलं. तुळतुळीत होता. "नीट नाही केला," तो म्हणाला.

ऑत्तोरिनो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि बसला. ती खुर्ची मागे पडणारी नव्हती.

एल्वेझिओने किटलीतल्या पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला, चेहऱ्यावर दाबला. ऑत्तोरिनोची शनिवारची आंघोळ झाली होती. कालच दाढी झाली होती. टॉवेल काढला तर त्यावर तरीही फिकट राखाडी डाग होता. एल्वेझिओने तो डाग आत घडी घालून टॉवेल बाजूला ठेवला.

तो बोलला नाही. आयुष्यात दाढी करताना गप्प राहायची त्याची ही पहिली वेळ. सांगण्यासारखं केवढं होतं. बेकरीवालीचं, पोम्पेओच्या सुनेचं, बॉस्टनच्या विक्रेत्याचं. ते सगळं जिभेपर्यंत येऊन परत जात होतं. तो ऑत्तोरिनोच्या गळ्याच्या खळगीकडे बघत होता. खळगी खाली गेली की श्वास आत. वर आली की बाहेर. बाहेर गेला की बोटभर हात. मग थांबायचं. जाड पाठीचा वस्तरा अशा कामाला जड पडत होता. त्याच्या मनगटाला रग लागली.

एका थांबण्यात ऑत्तोरिनो म्हणाला, "कुणाला बोललास?"

"नाही."

"एर्सिलियाला?"

"नाही."

"विचारेल ती. तुझं तोंड बघून."

"विचारू दे."

"मे-अखेरपर्यंत जमेल तुला?"

"जमेल."

ऑत्तोरिनो थोडा हसला, खोकला येणार नाही इतपतच. एल्वेझिओने गळा संपवला, दोन्ही गाल संपवले. खिडकीबाहेरून माणसं टेकडीकडे जात होती. आज ती कुणाचं काम बघणार, ते त्याला माहीत होतं. त्याने वस्तरा पुसला. विचारायचं नाही, असं ठरवून तो घरून निघाला होता.

"कुणाचा हात बरा?" त्याने विचारलं, आणि लगेच ऑत्तोरिनोचं नाक चिमटीत धरून वरच्या ओठावर वस्तरा टेकवला. तिथे वस्तरा असताना माणसाला बोलता येत नाही. त्याने ओठाची डावी बाजू केली, उजवी केली. मग मधली घळ केली, सावकाश, तीन वेळा, जिथे एकदा पुरलं असतं. शेवटी त्याला वस्तरा उचलावा लागला.

"इजिनोचा," ऑत्तोरिनो म्हणाला.

एल्वेझिओने ब्रश गरम पाण्यात बुडवला आणि झटकला. केसांच्या दिशेने सुलटा हात फिरवून झाला होता. उलटा अजून बाकी होता.

"हनुवटी वर कर," तो म्हणाला.